नागवेणी आणि पानांचे घागरे

नागवेणी सिद्दीशी माझं पहिलं बोलणं झालं ते भांडणातच. सरस्वतीपुरमच्या आमच्या शिवणाच्या दुकानात ती काम मागायला आली होती आणि मी तिला इंग्रजीत विचारलं, "व्हिच कंट्री?" आमच्या भागात आफ्रिकेतले विद्यार्थी भाड्याने राहतात, त्यांच्यातलीच कुणी असेल असं मला वाटलं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "यल्लापूर. उत्तर कन्नड जिल्हा. तुमचा कुठला देश?" मी म्हटलं, आम्ही इथलेच, मैसूरचे. "मग आपसात मराठी का बोलता?" ती म्हणाली. मी तिला दारातूनच परत पाठवणार होते. पण आमच्या ह्यांनी, म्हणजे रंगनाथांनी, तिने नमुन्याला आणलेला ब्लाऊज उलटा केला, आतली शिलाई बघितली आणि तिला ठेवून घेतलं.

सिद्दी म्हणजे कोण हेही मला तिनेच सांगितलं, चिडून. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून जहाजांनी आणलेली माणसं. कुणी गुलाम म्हणून विकलेली, कुणी शिपाई म्हणून ठेवलेली. पळून रानात शिरली ती यल्लापूर-हल्याळकडेच राहिली. देव आमच्यासारखेच, सण आमच्यासारखेच, साडी आमच्यासारखीच, फक्त जरा उंच नेसलेली. घरात कोकणी-मराठी मिसळलेली भाषा, म्हणून आमचं मैसुरी मराठी तिला लगेच आलं. आणि तरी रस्त्यात तिला बघून पोरं "आफ्रिका, आफ्रिका" ओरडत. भाजीवाला तिच्याशी खाणाखुणांनी बोले. ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार अस्सल कन्नडमध्ये करी, तेव्हा त्याच्या हातातला तराजू तसाच राही. मला ते बघायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मैसूरला ती आली होती पळायला. शाळेत असताना कुणा साहेबाच्या डोक्यात आलं की ह्या लोकांच्या रक्तातच पळणं आहे आणि देशाला पदकं पाहिजेत, तर ह्यांची पोरं गोळा करा. तिला एका क्रीडा वसतिगृहात आणलं, अंडी दिली, बूट दिले, पहाटे उठवून पळवलं. मग साहेब बदलला आणि योजना गुंडाळली. "रक्तातलं पळणं एका सहीत संपलं की वनजाक्का," असं ती म्हणे आणि हसे, पण त्या हसण्यात गंमत नसायची. तिथल्याच एका सिद्दी पळणाऱ्याशी तिने लग्न केलं. तो पुढे लॉरीवर गेला आणि हुबळीकडे दुसरा संसार थाटून बसला. इकडे राहिली नागवेणी आणि तिची मुलगी. मुलीचं अंबुजा हे नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलं, आणि पोर वाढली ती आमच्याच दुकानात, कापडाच्या चिंध्यांत खेळत.

दसऱ्यातली नवमी आमच्या दुकानात मोठी. आम्ही भावसार लोक, शिवणावर जगणारे. नवमीला मशीन धुऊन पुसून त्याला हळदीकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, कात्री आणि मापाचा गज पाटावर मांडायचे, उंबऱ्यात कोहळा फोडायचा. एकदा कुंकू लागलं की दशमीची पूजा होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. मुख्यमंत्र्यांचा सदरा फाटला तरी नाही. आमचे हे चहा न घेता राहतील, पण हा नेम मोडणार नाहीत.

त्याच दिवशी नागवेणीचंही काही असायचं. ती भल्या सकाळी येई आणि आपल्या मशीनच्या मागे, भिंतीच्या कडेला, कुणाला दिसणार नाही असा एक नारळ ठेवी. ते तिचे हिरियरु, म्हणजे घरातली होऊन गेलेली वडीलधारी माणसं. त्यांच्या वाडीत नवमीला सगळी भावकी जमते आणि संध्याकाळी दमाम वाजतो. दमाम म्हणजे त्यांचा मोठा ढोल. नाचाचे ठेके वेगळे आणि हिरियांचा ठेका वेगळा, संथ. तो सुरू झाला की पुरुषांनी डोक्यावरचं काढायचं, बायकांनी डोक्यावर पदर घेऊन खाली बसायचं, आणि संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकदा सुरू केला तर मध्ये तोडायचा नाही. इथे ढोल कुठला? ती मशीनच्या लाकडी फळीवर दोन बोटांनी तो ठेका वाजवी आणि डोक्यावर पदर घेऊन बसे. अंबुजेला तेवढ्या वेळापुरतं बाहेर पिटाळायची, रांगोळी घालायला. एकदा मी विचारलं, पोरीला का गं नाही बसवत? ती फटकन म्हणाली, "ती मैसूरची आहे. तिला हे नको. आधीच लोक साकुबेकु करतात." साकुबेकु म्हणजे नकोसं करून सोडणं, आमच्याकडचा शब्द.

आता दत्तोजीराव. हे मैसूरच्या राजांच्या पदरी असलेल्या मराठा शिपायांच्या घराण्यातले. घोडा गेला, पागा गेली, भिंतीवर तलवार राहिली, आणि हे गृहस्थ लोककलांचे कंत्राटदार झाले. दसऱ्याच्या दिवसांत एका कल्याण मंटपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, मागच्या मैदानावर रंगमंच उभारायचा, गावोगावची पथकं आणून नाचवायची, हा त्यांचा धंदा. त्या वर्षी नवरात्र बसायच्या आधी ते दुकानात आले ते बिबट्याच्या ठिपक्यांचं मखमली कापड आणि हिरव्या सॅटिनचे गठ्ठे घेऊन. सॅटिनची पानं कापायची, ती कमरेच्या पट्टीला लावायची, वर मखमलीच्या चोळ्या. नवमीच्या संध्याकाळी सिद्दी नाच होता.

"यल्लापूरहून पथक येतंय," ते ह्यांना म्हणाले. "तिम्मा सिद्दी म्हणून आहे, चांगला वाजवतो. पण साड्या नेसून येतात हो! लोकांना काय कळणार कोण ते?"

नागवेणी कोपऱ्यात काजं करत होती. तिम्मा तिचा सख्खा भाऊ. तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"आमच्या आज्जीने कधी कमरेला पान बांधलं नाही," ती म्हणाली. "पान आम्ही जेवायला घेतो."

दत्तोजीरावांनी मान वळवली. "अगं, पण लोकांना आफ्रिका बघायची असते. साडी नेसून नाचलात तर तुमच्यात आणि आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईत फरक काय राहिला?"

"काही नाही. ती पण बाईच की," नागवेणी म्हणाली. "तुम्ही शिपायांच्या घरातले ना? मग तलवार लावून, जिरेटोप घालून भाजी आणायला जाता का? लोकांना कसं कळणार तुम्ही कोण ते?"

मला हसू आलं आणि मी ते दाबलंही नाही. दत्तोजीरावांचे कान लाल झाले. "रंगनाथराव, तुमच्या दुकानात कामाच्या बायका बोलतात फार," एवढं म्हणून त्यांनी गठ्ठे टेबलावर ठेवले. आणि आमच्या ह्यांनी ऑर्डर घेतली! मी घरी जाऊन ह्यांना फाडून खाल्लं. हे म्हणाले, "गिऱ्हाईक काय घालतं ह्याची पंचाईत आपण करायची नाही. मी झबलं पण शिवतो, कफन पण शिवतो. सुम्ने राहा जरा." सुम्ने म्हणजे उगी. मी उगी राहणाऱ्यातली नाही, पण दुकान ह्यांच्या नावावर आहे.

सणाच्या शिवणकामात ते गठ्ठे तसेच राहिले होते, आणि अष्टमीला तिम्मा आला. उंच, देखणा, डोळ्यांवर गॉगल. बहिणीने त्याला पाणी दिलं आणि लगेच सुरू झाली. बापाचा दमाम असा विकतोस का, आईने ह्याच नाचाला आपली लग्नातली साडी नेसली होती, तुला लाज कशी नाही, वगैरे. तिम्माने सगळं ऐकून घेतलं.

"साडी नेसून कोण बोलावतो गं आम्हाला?" तो म्हणाला. "गोव्याच्या हॉटेलात नाचलो, मंगळूरला नाचलो. पानं काढली की बोलावणं बंद. आणि तू कुठे होतीस? तू गेलीस पळायला. हिरियांना दर वर्षी दिवा मी लावतो. आता वाडीतल्या लहान पोरांना विचार जा. ती म्हणतात, आपले पूर्वज असेच होते, पानातले. मी नाही शिकवलं त्यांना. टाळ्यांनी शिकवलं."

नागवेणीने टेबलावरचा गज उचलला. खरंच मारते की काय असं मला वाटलं. तेवढ्यात आतून अंबुजा आली. कॉलेजात जायला लागली होती, आईसारखीच सरळ, आणि जिभेनेही आईवरच गेलेली.

"मामा, मी नाचणार," ती म्हणाली. "पुढच्या रांगेत."

"बेडा!" नागवेणी ओरडली. नको म्हणजे नको. "तू पानं लावून उभी राहणार? लोकांसमोर?"

"मला शाळेत पहिल्या दिवसापासून आफ्रिका म्हणतात अम्मा. मी नाही म्हटलं तरी म्हणतात. रडले तरी म्हणतात. तू शिव्या दिल्यास तरी म्हणतातच. आता मी हो म्हणते. निदान टाळ्या तरी मिळतील."

नागवेणीने गज खाली ठेवला. ती आपल्या मशीनवर जाऊन बसली आणि हिरवी पानं कापायला घेतली. मला वाटलं, हरली बिचारी. माझा जीव तुटला तिच्यासाठी. पण मी तिला पुरती ओळखत नव्हते. ती दिवसभर नुसती कापतच राहिली. ढीगभर पानं कापली आणि पट्टीला एकही लावलं नाही. ह्यांनी विचारलं तर म्हणाली, "आधी सगळी कापून होऊ दे. जोडणी काय, नवमीला सकाळी तासाभरात होते." ह्यांचाही बेत तोच होता. नवमीला दुपारपर्यंत शिवून टाकायचं आणि मग मशीन पुजायचं.

नवमीला सकाळी आम्ही दोघं दुकानात पोचलो तर उंबऱ्यात कोहळा फुटलेला. आत उदबत्तीचा धूर. सगळी मशीनं धुऊन पुसून चकचकीत, हळदीकुंकू लागलेलं, झेंडूच्या माळा घातलेल्या. कात्र्या पाटावर, त्यांच्यावर अक्षता. नागवेणी न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन आपल्या मशीनपाशी बसली होती. दुकानाची किल्ली वर्षानुवर्षं तिच्याकडेच असायची.

आमचे हे दारातच थिजले. मग त्यांचा आवाज असा चढला की समोरचे पेन्शनर वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले. "कुणाला विचारून पूजा केलीस? माझं दुकान आहे की तुझं? तुला मी खायला घातलं ते ह्यासाठी?" बोलू नये ते सगळं बोलले. पण इतकं बोलूनही त्यांनी मशीनला बोट लावलं नाही, आणि लावणार नाहीत हे नागवेणीला पक्कं माहीत होतं. हिरव्या पानांचा ढीग तिथेच टेबलावर पडला होता.

दत्तोजीराव दुपारी आले. कपाळावर ओलं कुंकू, घरची तलवार पुजून तडक आलेले. काय झालं ते कळल्यावर म्हणाले, "ह्यॅ! एक तास चालवा मशीन. देव काय बघत बसलाय?"

"तुमची पूजा झाली वाटतं," नागवेणी म्हणाली. "मग जा, ती तलवार काढून आणा आणि इथेच माझी मान कापा. देव कुठे बघत बसलाय?"

दत्तोजीरावांचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला. पुजलेली तलवार दशमीच्या आधी जागेवरून हलवणं त्यांच्या घरात कुणी स्वप्नात आणलं नसेल. मग ते विषारी हसले. "ठीक आहे. कापडाची पानं नाहीत तर खरी पानं बांधतो. झाडं काही पुजलेली नाहीत." आणि गेले.

संध्याकाळी नागवेणीबरोबर मीही गेले. ह्यांनी येऊ नको म्हटलं, म्हणून तर गेलेच. मैदान भरलं होतं. रंगमंचाच्या मागे दत्तोजीरावांची माणसं मंडपाच्या कमानीवरच्या अशोकाच्या डहाळ्या ओरबाडून सुतळीने बायकांच्या कमरेला बांधत होती. बायका यल्लापूरकडच्या, चांगल्या पोक्त, घरी नातवंडं असलेल्या. चोळ्या तयार नाहीत म्हणून अंगावर काळे बनियन, त्यांच्यावरून पानांच्या माळा. गालांवर चुन्याचे ठिपके. त्यांच्या साड्या कोपऱ्यात नीट घड्या घालून ठेवलेल्या होत्या. मला ते बघून इतका संताप आला की दत्तोजीरावांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. अंबुजाही तशीच, पण ती मान ताठ करून उभी होती. आईकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

नाच सुरू झाला. निवेदकाने "आफ्रिकेच्या घनदाट अरण्यातून" असं काहीतरी म्हटलं. यल्लापूरला सरकारी बस जाते हे त्याला कुणी सांगितलं नसावं. तिम्मा वाजवत होता, पुरुष डोक्याला पिसं लावून उड्या मारत होते, आणि पुढच्या रांगेत अंबुजा. खरं सांगायचं तर फार सुंदर नाचत होती. लोक उभे राहून टाळ्या देत होते, मोबाइल वर धरत होते.

नागवेणी माझ्या शेजारून कधी उठली ते मला कळलं नाही. मला दिसली तेव्हा ती रंगमंचावर चढली होती. कडेला दुसरा दमाम ठेवला होता, जुना, बापाचा. ती त्याच्यापुढे मांडी घालून बसली, डोक्यावर पदर ओढला आणि वाजवायला लागली. संथ. मशीनच्या फळीवर दर नवमीला दोन बोटांनी वाजायचा तोच ठेका.

तिम्माचे हात जागच्या जागी थांबले. त्याने बहिणीकडे बघितलं, त्या नजरेत आग होती, पण त्याचे हात डोक्याकडे गेले आणि त्याने पिसांचा टोप काढून खाली ठेवला. बाकीच्या पुरुषांनीही काढले. नाचणाऱ्या बायका थांबल्या आणि खाली बसल्या. बसता बसता प्रत्येकीचा हात पदर ओढायला खांद्यावर गेला. खांद्यावर अशोकाची पानं होती. त्या बायका पानं चाचपत राहिल्या. एकीने तळहातच डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मी खाली बसल्या जागी रडत होते.

अंबुजा नाचतच होती.

तिला काय माहीत? तिला वाटलं, सगळ्यांनी तिच्यासाठी जागा मोकळी केली. तिने एकदा मागे बघितलं, हसली, आणि त्या संथ ठेक्यावर आपल्या मनाने पाय टाकायला लागली. बसलेल्या बायकांच्या मधून, गिरक्या घेत. लोकांना तर ते फारच आवडलं. शिट्ट्या सुरू झाल्या. नागवेणीने मुलीला बघितलं. तिचा चेहरा मला खालून दिसत होता. हात थांबवला असता तर पोर थांबली असती. पण तो ठेका मध्ये तोडायचा नसतो. ती वाजवत राहिली, आणि तिच्या हिरियांसमोर तिची मुलगी पानं बांधून, उघड्या डोक्याने, टाळ्या घेत नाचत राहिली.

संपल्यावर मागे गेलो तर बायका गुपचूप साड्या नेसत होत्या. नागवेणीच्या अंगावर कुणी ओरडलं नाही, कुणी जवळही आलं नाही. तिम्मा बापाचा दमाम फडक्यात गुंडाळत होता. दत्तोजीराव मात्र खुशीत. "शेवटचा भाग उत्तम झाला," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी असाच ठेवू. सगळे बसलेले आणि मध्ये एक मुलगी." मी त्यांना काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अंबुजेला तेवढ्यात एका बाईने सांगितलं असावं. ती आईसमोर येऊन उभी राहिली. चुन्याचे ठिपके घामाने ओघळले होते.

"ते हिरियांचं होतं?"

"हो."

"बसायचं असतं?"

"हो."

"सगळ्यांना माहीत. मामाला, त्या बायकांना, वनजाक्कांना पण माहीत. मला नाही." तिचा आवाज फाटला. "दर वर्षी मला रांगोळीला बाहेर पाठवत होतीस ना? नारळ लपवून बसत होतीस. आणि आज सगळ्यांसमोर मलाच उघडं पाडलंस. तो दत्तोजीराव चोर आहे, मला कळतं. पण त्याने निदान मला आत तरी घेतलं."

वसतिगृहाच्या साहेबाला, भाजीवाल्याला, भावाला, आमच्या ह्यांना, मला, ज्याला त्याला तोंडावर उत्तर देणारी बाई. तिने कोपऱ्यातली मुलीची ओढणी उचलून पुढे केली. अंबुजेने ती घेतली नाही.

ती तशीच निघाली, पानं बांधूनच. आम्ही दोघी तिच्या मागून. रस्त्यावर दसऱ्याची गर्दी होती, दिव्यांच्या माळा होत्या. एका हॉटेलासमोर उभ्या असलेल्या पोरांनी "ए आफ्रिका!" म्हणून हाक मारली. मी सवयीने नागवेणीकडे बघितलं. ती खाली मान घालून चालत होती. पुढे अंबुजेने वळून त्या पोरांना हात हलवून दाखवला आणि बस स्टॉपकडे चालायला लागली.